फोर्कलिफ्ट चालवताना: माल खाली, जड बाजू चढाकडे

फोर्कलिफ्टला चार चाकं, स्टिअरिंग, ब्रेक आणि हॉर्न असतो, म्हणून ती गाडी वाटते. पण वागते ती तराजूसारखी. पुढच्या चाकांचा एक्सल हा दांडीचा मध्य. त्याच्या पुढे फोर्कवरचा, म्हणजे माल उचलणाऱ्या दोन लोखंडी पट्ट्यांवरचा माल, मागे ऑपरेटरच्या पाठीशी ओतीव लोखंडाचं काउंटरवेट. उभ्या गाडीत हा तोल सांभाळणं सोपं असतं. गाडी चालू लागली की ब्रेक, वळण, चढ-उतार आणि खड्डे असे चार जण तराजूला धक्के द्यायला लागतात. चालवण्याचे जेवढे म्हणून नियम आहेत, ते बहुतेक सगळे या धक्क्यांपासून तोल वाचवण्यासाठी आहेत. कारण समजलं की नियम पाठ करावे लागत नाहीत.

कार किंवा ट्रक चालवता येणारा माणूस फोर्कलिफ्ट लगेच चालवू शकेल, हा समज भिवंडीच्या गोदामांपासून चाकणच्या कारखान्यांपर्यंत सगळीकडे आहे. फक्त कारखान्यात किंवा बंदिस्त आवारातच वापरायची खास वाहनं मोटार वाहन कायदा १९८८ च्या व्याख्येतून वगळलेली आहेत. म्हणजे आरटीओची परीक्षा ज्या वाहनांसाठी असते, त्यांत ही मुळात बसत नाही. त्या लायसन्सवरून या कामाबद्दल काहीही कळत नाही.

पुढचे आकडे ३ टन क्षमतेच्या नेहमीच्या डिझेल फोर्कलिफ्टचे, ढोबळ मानाने घेतलेले आहेत. कंपनी आणि मॉडेलप्रमाणे थोडा फरक पडेल, हिशोबाची रीत तीच राहील.

रिकामी गाडी आधी कलंडते

३ टनी गाडीचं स्वतःचं वजन सव्वाचार टनांच्या आसपास असतं, म्हणजे चार-पाच लहान मोटारींइतकं. रिकामी असताना त्यातलं साधारण ६० टक्के वजन मागच्या चाकांवर असतं. पूर्ण माल उचलला की चित्र उलटं होतं: एकूण सव्वासात टनांपैकी जवळजवळ ८८ टक्के पुढच्या चाकांवर जातं आणि मागची चाकं जेमतेम जमीन धरून राहतात. स्टिअरिंग मागच्या चाकांचं असतं. त्यामुळे माल उचलल्यावर स्टिअरिंग एकदम हलकं लागलं, तर ते सुख नव्हे. माल जास्त झाला आहे किंवा फोर्कवर फार पुढे बसला आहे, असं गाडी सांगते आहे. अशा वेळी मागे काउंटरवेटवर दोन माणसं उभी करून काम उरकणारेही आहेत. ती माणसं घसरून चाकाखाली येतात, आणि जादा वजन मास्ट (फोर्क ज्यावर वर-खाली सरकतात तो उभा सांगाडा), साखळ्या व पुढच्या एक्सलवर पडायचं ते पडतंच.

आता आडव्या तोलाचं. मागचा एक्सल गाडीला मधोमध एकाच खिळीवर जोडलेला असतो, म्हणजे खड्ड्यात तो डावी-उजवीकडे झुलू शकतो. स्प्रिंगा नसल्यामुळे ही सोय करावीच लागते. पण तिचा परिणाम असा की गाडी चार पायांवर उभी दिसली तरी तोलाच्या दृष्टीने ती तीन पायांवर उभी असते: पुढची दोन चाकं आणि मागची ती खिळी. याला स्थिरतेचा त्रिकोण म्हणतात. गाडी आणि माल यांचा मिळून होणारा गुरुत्वमध्य या त्रिकोणाच्या आत आहे, तोवर गाडी उभी.

पुढच्या दोन चाकांच्या मध्यांत १ मीटर अंतर धरा. म्हणजे पुढच्या एक्सलपाशी गाडीच्या मध्यरेषेपासून त्रिकोणाची कड ५० सेंटिमीटरवर आहे आणि मागे जावं तसं हे अंतर कमी होत खिळीपाशी शून्य होतं. पूर्ण माल असताना गुरुत्वमध्य पुढच्या एक्सलजवळ असतो, तिथे बाजूला ४४ सेंटिमीटर जागा उरते. गाडी रिकामी असताना तो मागे सरकतो, तिथे उरतात फक्त २० सेंटिमीटर. म्हणूनच माल उतरवून मोकळ्या हाताने सुसाट परत येणारी गाडी कोपऱ्यावर आडवी होते. मागचा एक्सल एका मर्यादेपर्यंतच झुलतो आणि मग अडतो, त्यामुळे थोडी सूट मिळते. पण तोवर गाडीने कलण्याचा वेग पकडलेला असतो.

वळणात बाहेर फेकणारा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग दुप्पट, तर जोर चौपट. ही गाडी अडीच मीटरच्या त्रिज्येत वळते, म्हणजे अगदी जागेवर. इतक्या घट्ट वळणात ताशी ५ किलोमीटरला काहीच जाणवत नाही. ताशी १० ला हा जोर गाडीच्या वजनाच्या जवळजवळ एक तृतीयांश होतो, आणि रिकाम्या गाडीचा २० सेंटिमीटरचा हिशोब साधारण तिथेच संपतो. ताशी १० म्हणजे सायकलचा आरामशीर वेग. सीटवर बसून तो वेग वाटतच नाही, आणि गोची नेमकी इथेच आहे. वेग वळणाआधी सरळ रेषेत कमी करायचा. वळण घेता घेता ब्रेक दाबला तर बाजूचा आणि पुढचा असे दोन्ही धक्के एकदम बसतात.

१५ सेंटिमीटर कशासाठी

चालताना फोर्क जमिनीपासून १० ते १५ सेंटिमीटर वर, मास्ट मागे झुकवलेला. माल असो वा नसो.

समजा २ टनांचा पॅलेट आहे, म्हणजे लाकडी चौकट आणि तिच्यावर रचलेला माल. तो जमिनीलगत असताना गाडी आणि माल यांचा एकत्र गुरुत्वमध्य साधारण ६५ सेंटिमीटर उंचीवर असतो. तोच पॅलेट ३ मीटर उचलून गाडी हलवली तर हा मध्य दीड मीटरवर जातो. ब्रेक आणि वळणाचा जो धक्का खाली सहज पचला असता, त्याच्या निम्म्याहून कमी धक्क्यात आता गाडी जाईल. रॅकसमोर माल वर असताना करायची हालचाल म्हणजे फक्त शेवटचं मीटरभर सरळ पुढे किंवा मागे, मुंगीच्या चालीने. पॅलेट रॅकमधून काढला की आधी सरळ मागे यायचं, थांबायचं, माल खाली घ्यायचा, मगच वळायचं. मागे येता येता माल उतरवणं आणि त्याच दमात स्टिअरिंग फिरवणं, ही पाच सेकंद वाचवायची सवय जवळजवळ प्रत्येक गोदामात दिसते.

मास्ट मागे झुकवल्यावर फोर्कचं टोक टाचेपेक्षा, म्हणजे फोर्क वळून उभा होतो त्या कोपऱ्यापेक्षा, वर जातं. फोर्क साधारण १०७० मिलिमीटर लांब आणि झुकाव ६ अंशांचा धरला तर टोक ११ सेंटिमीटर वर असतं. म्हणून १५ सेंटिमीटर मोजायचे ते टाचेशी. आणखी एक बारकावा: १२०० बाय १००० मिलिमीटरच्या पॅलेटमध्ये १००० च्या लांबीतून फोर्क आरपार घातला, तर टोकं ७ सेंटिमीटर पलीकडे निघतात. समोरच्या पॅलेटमधली गोणी किंवा ड्रम फोडणारी तीच ही टोकं.

गाडीवरच्या क्षमतेच्या पाटीवर, म्हणजे कपॅसिटी प्लेटवर, ३००० किलो लिहिलेलं असतं, पण शेजारी ५०० मिलिमीटर हाही आकडा असतो आणि तो कुणी वाचत नाही. मालाचा गुरुत्वमध्य फोर्कच्या उभ्या भागापासून ५०० मिलिमीटरवर असेल तरच ३००० किलो. एक्सलपासून फोर्कच्या उभ्या भागापर्यंत आणखी ४८० मिलिमीटर असतात, म्हणजे दांडीची लांबी ९८० झाली. माल लांबट असेल आणि त्याचा मध्य ८०० वर गेला तर दांडी १२८० ची होते, आणि तीच गाडी सुरक्षितपणे जेमतेम २३०० किलो नेऊ शकते. माल फोर्कच्या पाठीला चिकटवून घ्यायचा तो यासाठी. फोर्क बाजूला सरकवणारा साइड शिफ्टर किंवा गोल फिरवणारा रोटेटर जोडलेला असेल तर प्लेटही त्या जोडणीसह असलेली हवी.

पुढे कलण्याचं गणितही याच दांडीचं. पूर्ण मालाच्या गाडीचा गुरुत्वमध्य पुढच्या एक्सलच्या मागे फक्त २० सेंटिमीटर असतो. कचकन ब्रेक मारला की माल पुढे घसरतो किंवा मागची चाकं उचलली जातात. बहुतेक वेळा आधी माल जातो. रॅप न केलेली खोकी, अर्धवट भरलेली हजार लिटरची टाकी, फोर्कला टांगलेली जंबो बॅग (टनभर माल मावणारं मोठं पोतं) यांना तर ब्रेक लागल्याचं उशिरा कळतं. गाडी थांबते, माल चालत राहतो. टाकीतलं पाणी पुढे लाट मारतं, बॅग झोका घेते. अशा मालाला चालण्याचाच वेग ठेवायचा, आणि जंबो बॅग जमिनीपासून वीतभरापेक्षा वर न्यायची नाही.

दिसत नसेल तर उलटं चालायचं

मास्टचे दोन उभे खांब, मध्ये साखळ्या आणि हायड्रॉलिक पाइप. रिकाम्या गाडीतूनसुद्धा समोरचा एक माणूस या खांबांमागे पूर्ण लपू शकतो. सरळ बसून न राहता डोकं थोडं डावी-उजवीकडे हलवत बघायचं, हा त्यावरचा जुना आणि चांगला उपाय. मालाची उंची नजरेच्या आड येत असेल तर रिव्हर्समध्ये चालायचं. मान वाकडी करून मालाच्या कडेने डोकावणं चालणार नाही. डोकं किंवा हात केबिनच्या खांबांबाहेर काढायचाच नाही, कारण रॅकचा खांब आणि गाडीचा खांब यांच्यात जागा उरत नाही.

रिव्हर्स म्हणजे आरशात बघणं नव्हे. कमरेतून वळून, उजवा हात मागच्या खांबावरच्या दांड्याला, डावा स्टिअरिंगच्या मुठीवर, आणि नजर जायच्या दिशेला. दिवसभर असं बसून मान-पाठ आखडते, ही तक्रार खरी आहे. पण त्याचा इलाज माल कमी उंचीचा रचणं किंवा ऑपरेटर बदलत राहणं हा आहे. एक अपवाद: भरलेल्या गाडीने चढ चढताना माल पुढेच ठेवावा लागतो. तिथे दिसत नसेल तर बाजूला सुरक्षित अंतरावर, ऑपरेटरला सतत दिसेल असा इशारा देणारा माणूस हवा.

मागचं स्टिअरिंग म्हणजे वळताना शेपूट बाहेर फिरणार. डावीकडे वळताना गाडीचा मागचा उजवा कोपरा बाहेर झेपावतो आणि ते काउंटरवेट असतं, पत्रा नव्हे. वळणाच्या आतल्या कोपऱ्याजवळून गाडी न्यायची आणि पुढचं चाक कोपऱ्याच्या रेषेत आलं की स्टिअरिंग फिरवायचं. भिंत आणि फोर्कलिफ्ट यांच्यामध्ये माणूस उभा असेल तर गाडी हलवायचीच नाही, मग तो कितीही ओळखीचा असो आणि कितीही म्हणो की ‘चल रे, मी आहे बाजूला’.

थांबायला किती जागा लागते

माणूस दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद जातो. त्यानंतर माल सांडणार नाही अशा बेताने ब्रेक लावला तर ताशी ६ किलोमीटरला एकूण अडीच मीटर, ताशी १० ला पावणेपाच मीटर आणि ताशी १५ ला साडेआठ मीटर लागतात. हे कोरड्या फरशीवरचं. रॅकच्या कोपऱ्यावर समोरचा माणूस दिसतो तो दोन-तीन मीटरांवर. म्हणून चौकात आणि दारात ताशी ६ च्या आत, आधी हॉर्न, गरज पडली तर पूर्ण थांबून. हॉर्न दोनदा, छोटा. सतत वाजवला की लोक तो पंख्याच्या आवाजासारखा विसरून जातात. रिव्हर्स बझरचं तेच झालं आहे. जमिनीवर पुढे निळा ठिपका टाकणारा दिवा त्यातल्या त्यात उपयोगी, कारण तो कोपऱ्यावर गाडीच्या आधी पोचतो. पण तो बघून माणूस थांबेलच, हे गृहीत धरायचं नाही. पादचाऱ्याशी नजरानजर झाली, त्याने हाताने खूण केली, की मग पुढे.

दोन फोर्कलिफ्ट मागोमाग असतील तर मधे गाडीच्या तीन लांब्यांचं अंतर ठेवावं असं ओशाच्या, म्हणजे अमेरिकेच्या कामगार-सुरक्षा यंत्रणेच्या नियमांत आहे, आणि ते इथेही अगदी चपखल बसतं. चौकात, वळणावर, दिसत नाही तिथे ओव्हरटेक नाही.

कार चालवणाऱ्यांची एक ठरलेली चूक पेडलची. ऑटोमॅटिक गिअरच्या डिझेल फोर्कलिफ्टला डावीकडे जे पेडल असतं ते क्लच नव्हे, इंचिंग पेडल. ते थोडं दाबलं की इंजिनाची ताकद चाकांपासून सुटते, पूर्ण दाबलं की ब्रेकही लागतो. रॅकसमोर माल उचलताना इंजिनाचा वेग वाढवून गाडी मात्र इंचाइंचाने सरकवायची, यासाठी ते आहे. उतारावर त्यावर पाय ठेवून चाललं तर इंजिनाचा आधार जातो आणि गाडी मोकळी धावते. तसंच पुढे-मागेचा लिव्हर गाडी पूर्ण थांबल्यावरच बदलायचा. चालत्या गाडीत बदलला तर माल झटका खातो, आणि पुढेमागे ट्रान्समिशनही.

चढ आणि उतार

इथे एकच वाक्य लक्षात ठेवलं तरी पुरे: जड बाजू चढाकडे.

माल असेल तेव्हा जड बाजू मालाची. म्हणून माल वरच्या दिशेला: चढताना सरळ, उतरताना रिव्हर्स. रिकामी असेल तेव्हा जड बाजू काउंटरवेटची. म्हणून फोर्क खालच्या दिशेला: चढताना रिव्हर्स, उतरताना सरळ. ओशाच्या नियमांत १० टक्क्यांहून जास्त चढावर भरलेली गाडी माल वर ठेवूनच चालवावी असं आहे. त्याहून कमी उतारावरही तेच करणं शहाणपणाचं. कारण १० टक्के उतारावर, म्हणजे १० मीटरला १ मीटर, माल खालच्या बाजूला ठेवून उतरलं तर पुढच्या २० सेंटिमीटरच्या शिलकीतले ७ सेंटिमीटर नुसत्या उतारानेच खाल्लेले असतात. उरलेल्यांसाठी एक ब्रेक पुरतो.

रॅम्पवर वळायचं नाही, आडवं चालायचं नाही, माल उचल-ठेव करायची नाही. वळायचं ते वर सपाटीवर पोचून. रॅम्पच्या पायथ्याशी फोर्क थोडे वर घ्यावे लागतात: फोर्कचं टोक एक्सलच्या दीड मीटर पुढे असतं, त्यामुळे १० टक्के चढाला सपाट ठेवलेल्या १५ सेंटिमीटर उंचीच्या फोर्कची टोकं जमिनीला टेकतात. पायथा ओलांडला की परत खाली.

जमीन, डॉक आणि ट्रकचा हौदा

टायर बऱ्याचदा भरीव रबराचे, स्प्रिंग नाही. दोन सेंटिमीटरच्या खाचेचा धक्काही थेट मालाला बसतो. आवारातले खचलेले पेव्हर ब्लॉक, चेंबरची झाकणं, गटारावरच्या जाळ्या यांच्यावरून भरलेली गाडी नेण्याआधी त्यांची क्षमता माहीत हवी. भरलेल्या गाडीचे जवळजवळ साडेसहा टन पुढच्या दोन टायरांच्या छोट्याशा जागांवर उतरतात. रूळ ओलांडायचे ते तिरके, म्हणजे एकेक चाक खाचेतून जातं. पावसाळ्यात शटरपाशी दोन-चार मीटरचा पट्टा ओला राहतो. बाहेरून चिखल घेऊन आलेली चाकं गुळगुळीत फरशीवर आली की ब्रेकचं सगळं गणित बिघडतं, म्हणून तिथे वेग दारातून आत येण्याआधीच तोडायचा.

ट्रकमध्ये फोर्कलिफ्ट घालण्याआधी ऑपरेटरने स्वतः खाली उतरून बघायचं: हँडब्रेक लागला आहे का, चाकांखाली ठोकळे आहेत का, ड्रायव्हरकडे चावी नाही ना. फोर्कलिफ्ट आत-बाहेर करताना प्रत्येक ब्रेकसरशी ट्रक थोडा थोडा पुढे सरकतो आणि डॉकशी, म्हणजे माल चढवायच्या ओट्याशी, फट पडत जाते. गैरसमजातून ड्रायव्हरने ट्रक काढला तर काय होतं, ते सांगायला नको. ट्रेलर घोड्यापासून (ओढणाऱ्या पुढच्या गाडीपासून) सोडलेला असेल तर त्याच्या नाकाखाली आधार हवा, नाहीतर पुढे जाताच तो नाकावर बसतो. हौद्याच्या फळ्या कुजलेल्या आहेत का, हेही डोळ्यांनी बघायचं.

गाडी कलंडलीच तर

उडी मारायची नाही. हे मनाला पटत नाही, कारण शरीर उलटं सांगतं. पण गाडी बाजूला पडायला फार तर सेकंद-दोन सेकंद लागतात. तेवढ्यात माणूस सीटवरून उठून बाहेर पडतो तो नेमका गाडी पडते त्याच बाजूला, आणि डोक्यावरच्या संरक्षक छताचा खांब त्याच्या छातीवर किंवा मानेवर येतो. फोर्कलिफ्ट उलटण्यातले जीवघेणे प्रकार बहुतांशी असेच घडतात. ज्या गाडीत माणूस बसून चालवतो, तिच्यात सीट बेल्ट याचसाठी आहे. तो धडकेसाठी कमी आणि उडी मारू न देण्यासाठी जास्त. पॅलेट टाकायला दर दोन मिनिटांनी उतरावं लागतं म्हणून बेल्ट पाठीमागे लावून ठेवतात. तसं असेल तर उतरण्याची ती गरजच कामाच्या आखणीतून काढली पाहिजे.

तोल गेला असं जाणवलं की बेल्टमध्येच राहायचं, स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरायचं, पाय फळीवर रोवायचे आणि गाडी पडते आहे त्याच्या उलट बाजूला, थोडं पुढे झुकायचं. हात-पाय सगळे आत. उभं राहून चालवायच्या, मागून उघड्या असलेल्या स्टँड-अप गाड्यांची गोष्ट वेगळी आहे. त्यांत मागच्या मागे पायउतार होऊन दूर जायला सांगितलेलं असतं. आपली गाडी कुठल्या प्रकारची, हे पुस्तिकेत बघून आधीच ठरवून ठेवायचं.

गाडी आडवी झाल्यावर हात पोचत असेल तर चावी बंद करायची, कारण डिझेल गळतं आणि एलपीजीची गाडी असेल तर सिलिंडरची नळी सुटलेली असू शकते. मग बेल्ट सोडण्याआधी एका हाताने वरचा खांब पकडायचा, नाहीतर स्वतःच्याच वजनाने खाली आपटतो. बाहेर पडायचं ते वरच्या, मोकळ्या बाजूने. आसपासच्यांनी दुसरी फोर्कलिफ्ट आणून ती लगेच उचलायला जाऊ नये; आत माणूस अडकला असेल तर गाडी आधी दोन्ही बाजूंनी ठोकळे लावून जागच्या जागी पक्की करायची, मग उचलायचं.